मानपत्रामागील वसतिगृह

दोन महायुद्धांच्या दरम्यान गव्हर्नरांचे दौरे आणि पुढाऱ्यांचे सत्कार वृत्तपत्रांतून गाजत असत. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर नगरपालिकेने परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मानपत्र अर्पण केले. ही वार्ता वाचताना आम्हांस तेरा वर्षे मागे जावेसे वाटते. ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने याच शहरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. भोजन, कपडे, लेखनसाहित्य यांचा भार सभेने उचलला. नगरपालिकेने दरमहा ४० रुपयांचे अनुदान दिले. विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ हे मासिक चालविले. आमच्या निवासी शाळेतही पाहुणे येतात, हारतुरे होतात. परंतु मुलांचे जेवण, वह्या आणि अभ्यास यांची रोजची काळजी हाच आम्ही बाबासाहेबांचा खरा सत्कार मानतो.