सार्जंट यॉर्क : शिपाई, शेतकरी व शिष्य

शास्त्रपाठ : लूक ३:१४, प्रेषितांचीं कृत्यें १० वा अध्याय, १ इतिहास २२:६–१०, मत्तय २७:५४.
मुख्य विचार : ज्याच्या हातून रक्त सांडलें, त्यालाही ख्रिस्ताच्या मेजाजवळ जागा आहे काय?



गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीस भेट देण्यासाठीं मी गेलों होतों. प्रभुभोजनाची उपासना आटोपल्यावर एक वृद्ध पेन्शनर शिपाई, जे आतां आपली थोडीशी जिराईत जमीन कसून राहतात, मला एका बाजूला घेऊन म्हणाले, "पाळकसाहेब, मी भाकर घेतों खरी, पण हात पुढें करतांना मला माझेच हात दिसतात." इतकें बोलून ते थांबले. मींही घाईनें उत्तर दिलें नाहीं. परंतु घरीं आल्यावर अमेरिकेंतील एका शिपायाचें चरित्र मला आठवलें. त्यालाही हाच प्रश्न पडला होता, व तोही शेतकरीच होता. म्हणून ह्या आठवड्याचा पाठ त्याच्या चरित्रावरून घेऊं.

१. पूर्वायुष्य

आल्विन यॉर्क ह्याचा जन्म ता. १३ डिसेंबर १८८७ रोजीं टेनेसी प्रांतांतील पॉल मॉल नांवाच्या डोंगराळ खेड्यांत झाला. त्याचा बाप शेती करी व लोहारकामही करी. घर लांकडी ओंडक्यांचें, दोन खोल्यांचें. आणि भावंडें मिळून अकरा. अशा घरीं शिक्षण तें किती मिळणार? आल्विन जेमतेम नऊ महिने शाळेंत गेला. मात्र शिकार करून घरच्यांचें पोट भरावें लागे, त्यामुळें बंदुकीची नेमबाजी तो उत्तम शिकला.

१९११ सालीं बाप वारला व आईच्या संसाराचा भार त्याच्यावर पडला. तो कष्टाळू होता; परंतु शनिवार रविवार आला कीं दारू, जुगार व मारामारी ह्यांत बुडून जाई. अशाच एका दारूच्या गुत्त्यांतील भांडणांत त्याचा जिवलग मित्र मारला गेला. त्या धक्क्यानें त्याचें मन हललें. आईनें प्रार्थना सोडली नव्हती, व ग्रेसी विल्यम्स नांवाच्या ज्या मुलीवर त्याचें मन होतें, तिलाही असला नवरा नको होता. पुढें गांवांत जागृतीच्या सभा झाल्या, आणि १९१५ च्या पहिल्या दिवशीं त्यानें आपलें जीवन प्रभूच्या स्वाधीन केलें. जुने सोबती बोलवावयास येत. तो जात नसे. पुढें तो मंडळींत वडील झाला.

२. विवेकबुद्धीचा झगडा

ज्या मंडळींत तो आला, ती लहान मंडळी युद्ध करणें हें पाप मानी. १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत पडली व तरुणांस नांवें नोंदविण्याचा हुकूम सुटला. यॉर्कनें नांव नोंदविलें, पण आपणांस लढावयाचें नाहीं असेंही लिहून दिलें. त्याच्या मंडळीला पवित्र शास्त्रावांचून दुसरा ठराविक मतांगिकार नाहीं, ह्या कारणावरून त्याचा अर्ज नामंजूर झाला. नोव्हेंबर १९१७ मध्यें तो पलटणींत दाखल झाला.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्यानें आपली अडचण लपविली नाहीं, व पळूनही गेला नाहीं. त्यानें ती आपल्या वरिष्ठांपुढें उघडपणें मांडली. कॅप्टन डॅन्फर्थ व मेजर बक्स्टन ह्या दोघांनींही त्याला भित्रा म्हणून झिडकारलें नाहीं. उलट शास्त्र पुढें ठेवून त्याच्याशीं बोलत बसले. यहेज्केलाच्या ३३ व्या अध्यायांतील पहारेकऱ्याची गोष्ट, लूक २२:३६ मधील तरवारीविषयींचें वचन, योहान १८:३६ व कैसराच्या नाण्याविषयीं प्रभूनें दिलेलें उत्तर ह्यांवर त्यांचें बोलणें झालें. यॉर्कजवळही आपलीं वचनें होतींच : सहावी आज्ञा, व वैऱ्यांवर प्रीति करण्याविषयीं डोंगरावरील उपदेश. शेवटीं त्याला कांहीं दिवसांची रजा मिळाली. तो घरीं आला, एकटाच डोंगरावर गेला, आणि तेथें त्यानें रात्रभर प्रार्थना केली. उतरला तेव्हां देव आपल्याबरोबर आहे अशी त्याची खात्री झाली होती, व तो पलटणींत परत गेला.

वाचकहो, ह्यावरून प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यानें त्याच निर्णयास यावें असें मी म्हणत नाहीं. त्याच शास्त्रावरून कांहीं विश्वासू बंधूंनीं तुरुंग पत्करला, पण हत्यार घेतलें नाहीं. आपण शिकावयाचें तें एवढेंच कीं, त्यानें हा प्रश्न दहा जणांच्या ओरडण्यावर सोडला नाहीं; तो देवापुढें नेला.

३. ता. ८ ऑक्टोबर १९१८

फ्रान्स देशांतील आर्गोन नांवाच्या अरण्यांत शातेल-शेहेरी गांवाजवळ ही गोष्ट घडली. सतरा शिपायांची एक टोळी जर्मन सैन्याच्या पिछाडीस शिरली व तिनें कांहीं जर्मन लोकांस पकडलें. इतक्यांत टेकडीवरून मशीनगनांचा मारा सुरू झाला. टोळीपैकीं सहा जण ठार झाले व तिघे जखमी झाले. कॉर्पोरल यॉर्क हाच आतां पुढारी राहिला. त्यानें नेम धरून एकामागून एक शत्रु पाडले, व मधून मधून शरण या म्हणून हांकही मारली. शेवटीं एका जर्मन अंमलदारानें शरण येण्याचें कबूल केलें. त्या दिवशीं यॉर्क व त्याचे सात सोबती ह्यांनीं १३२ कैदी छावणींत आणले.

जग येथें थांबतें आणि टाळ्या वाजवितें. आपण आणखी एक दिवस पुढें जाऊं. दुसऱ्या दिवशीं यॉर्क त्याच जागीं परत गेला. कोणी जखमी जिवंत राहिला असल्यास त्याला वांचवावें, हा त्याचा हेतु. कोणी मिळालें नाहीं. तेव्हां त्यानें तेथें मेलेल्यांकरितां प्रार्थना केली : आपल्या सोबत्यांकरितां, आणि जर्मनांकरितांही. तीं सर्व माणसें आपले बंधूच होते असें तो मानी.

आपण वांचलों तें देवाच्या कृपेनें, असें यॉर्क जन्मभर सांगत असे. तें म्हणणें खरें आहे. परंतु जे सहा मेले त्यांच्यावर देवाची कृपा नव्हती, असें मात्र कोणी शिकवूं नये. त्यांच्याही आयांनीं प्रार्थना केली असेल. वांचणें ही कृपा आहे. तें पुण्याईचें सर्टिफिकेट नव्हे.

४. नांगराकडे परत

त्याला अमेरिकेचें सर्वांत मोठें शौर्यपदक मिळालें. मे १९१९ मध्यें तो न्यूयॉर्कास उतरला तेव्हां लोकांची अलोट गर्दी झाली. नाटकवाल्यांनीं, सिनेमावाल्यांनीं व व्यापाऱ्यांनीं पुष्कळ पैसा देऊं केला. झालेल्या मनुष्यहत्येचा बाजार मांडावयाचा नाहीं, म्हणून त्यानें तो घेतला नाहीं. तो थेट आपल्या डोंगरांत गेला, व ७ जून १९१९ रोजीं ग्रेसीशीं त्याचें लग्न झालें.

नॅशव्हिल येथील हितचिंतकांनीं त्याला वुल्फ नदीकांठीं सुमारें ४०० एकर जमीन देण्याचें ठरविलें. परंतु वर्गणी पुरती जमली नाहीं, आणि देणगी म्हणून आलेल्या जमिनीवरच हप्त्यांचा बोजा राहिला. तशांत धान्याचे भाव उतरले. पुढें लोकांनीं पुन्हां वर्गणी करून तें कर्ज वारलें. परंतु कर्जाची काळजी काय असते, हें आपल्या शेतकरी बंधूंस समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

आपण नऊ महिने शिकलों, निदान आपल्या डोंगरांतील मुलें तरी शिकावींत, ही एकच तळमळ त्याला लागली. गांवोगांव व्याख्यानें देऊन त्यानें पैसा जमविला, आणि १९२९ सालीं जेम्सटाउन येथें शाळा उभी राहिली. मुलांना ने-आण करण्याच्या खर्चासाठीं त्यानें स्वतःची जमीन गहाण टाकली. १९३७ सालीं ती शाळा सरकारनें आपल्याकडे घेतली, व ती आजही चालू आहे. बावीस वर्षें नाकारलेल्या सिनेमास त्यानें अखेर संमति दिली, तीही एक शास्त्रशाळा बांधण्याच्या हेतूनें. तो सिनेमा १९४१ सालीं निघाला.

५. वार्धक्य व मृत्यु

सिनेमाच्या उत्पन्नावरील कराचा हिशेब नीट राहिला नाहीं. १९५१ सालीं सरकारी खात्यानें मागणी केली, व व्याजासह ती सुमारें १,७२,००० डॉलरांवर गेली. मिळालेला पैसा बहुतेक दानधर्मांत गेला होता. १९५४ सालीं त्याला अर्धांगवायूचा झटका आला, व पुढलीं दहा वर्षें तो अंथरुणाला खिळून राहिला. १९६१ सालीं देशांतील लोकांनीं वर्गणी जमवून २५,००० डॉलरांवर तें प्रकरण मिटविलें.

ता. २ सप्टेंबर १९६४ रोजीं नॅशव्हिल येथील जुन्या शिपायांच्या दवाखान्यांत, वयाच्या ७६ व्या वर्षीं, तो प्रभूमध्यें निजला. राष्ट्राध्यक्षांनीं आपला प्रतिनिधि म्हणून एका जनरलास पाठविलें. परंतु त्याला मूठमाती मिळाली ती त्याच्याच खेड्यांतील, वुल्फ नदीजवळच्या स्मशानभूमींत.

६. बोध

पहिला बोध पैशाचा. उदार हात ही देवाची देणगी आहे. परंतु हिशेबाची वहीही उपासनेचाच भाग आहे. मंडळीच्या कारभाऱ्यांनीं व उपदेशकांनीं हें विशेषेंकरून लक्षांत घ्यावें. चांगल्या हेतूनें खर्चलेला पैसाही कोणी तरी मोजणार असतो.

दुसरा बोध विद्येचा. ज्याला स्वतःला शाळा मिळाली नाहीं, त्यानें दुसऱ्यांच्या मुलांसाठीं शेत गहाण टाकलें. आपण आपल्याच मुलामुलींस गुरांमागें पाठवितों काय?

तिसरा बोध त्या पेन्शनर बंधूंच्या प्रश्नाचें उत्तर होय. शास्त्र ह्या बाबतींत दोन्ही गोष्टी सांगतें. योहान बाप्तिस्त्याकडे शिपाई आले, तेव्हां त्यानें त्यांस जुलूम करूं नका, पगारावर संतुष्ट राहा असें सांगितलें. परत जा, तुमच्यासाठीं पश्चात्ताप नाहीं, असें म्हटलें नाहीं. कर्नेल्य शताधिपति असतांनाच पवित्र आत्मा त्याच्यावर आला. परंतु दाविदानें पुष्कळ रक्त सांडलें, म्हणून देवानें त्याच्या हातून मंदिर बांधून घेतलें नाहीं. म्हणजे रक्त ही हलकी गोष्ट नव्हे. तरी देवानें दाविदाकडून मंदिर घेतलें नाहीं, म्हणून दाविदाला टाकलें असें झालें नाहीं.

आणि शेवटीं वधस्तंभाखालीं उभ्या असलेल्या शताधिपतीकडे पाहा. प्रभूला खिळे ठोकणारी टोळी त्याच्याच हुकुमांतली होती. त्याच्यासारख्यांकरितांच प्रभूनें वधस्तंभावरून क्षमा मागितली, आणि हा देवाचा पुत्र होता अशी कबुली त्याच शिपायाच्या तोंडून निघाली. त्याचे हात स्वच्छ नव्हते. परंतु ज्याच्या हातांस जखमा झाल्या, तो त्याच्यापुढेंच होता.

पुढल्या भेटींत त्या वृद्ध बंधूंस मी हेंच सांगणार आहें : बाबा, भाकर घेतांना आपले हात दिसले तर दिसूं द्या. ते पाहून आपण मागें सरावें म्हणून देव ते दाखवीत नाहीं. मग दृष्टि थोडी वर करा, आणि देणाऱ्याचे हात पाहा.

विचाराकरितां प्रश्न

१. यॉर्कनें आपली शंका कोणकोणाजवळ नेली? आपण आपल्या शंका कोठें नेतों?
२. दाविदास मंदिर बांधूं न देण्याचें कारण कोणतें? तें काम कोणावर सोंपविलें गेलें?
३. लूक ३:१४ मधील उपदेश पोलीस, पाटील व सरकारी नोकर ह्यांस कसा लागू पडतो?
४. आपल्या गांवांत कोणी जुना शिपाई एकटा राहतो काय? ह्या आठवड्यांत त्याच्याकडे कोण जाईल?