गाण्याचा अर्थ लावताना : ‘कानडा’ आणि ‘बीठल’

हॉस्टेलमध्ये गाणी ऐकण्यात कोणी मागे नाही. सबमिशनच्या रात्री तर एक हात फाइल लिहीत असतो आणि दुसरा गाणं बदलत असतो. पण गाण्याचा अर्थ विचारला की उत्तर ठरलेलं, “फील घे ना यार!” फील घ्यावाच. पण काही गाण्यांत एकच शब्द असा बसलेला असतो की तो फिरला की सगळं गाणंच फिरतं. अशा वेळी काय करायचं?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तिथे कवितेखाली प्रश्न असायचा, ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ दोन मार्क, एक उत्तर. गाण्यांना हा हिशोब लागू पडत नाही.

‘कानडा राजा पंढरीचा’ हे गाणं घ्या. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचं, आणि आवाज फडके व वसंतराव देशपांडे यांचे. चित्रपट १९७० चा ‘झाला महार पंढरीनाथ’. आता पंढरीचा राजा ‘कानडा’ म्हणजे कसा? एक अर्थ, कर्नाटकातला, कानडी मुलखाचा. दुसरा अर्थ, अगम्य, सहजासहजी न कळणारा. दोन्ही अर्थ सांगणारे लोक आहेत आणि दोघेही ठासून सांगतात.

आपण इंजिनिअरिंगवाले. एक इक्वेशन आणि दोन अननोन असतील तर डोकं खाजवत बसण्यापेक्षा दुसरं इक्वेशन शोधतो. इथेही तेच करायचं. पहिलं, शब्द आधी कोणी वापरलाय ते बघायचं. ज्ञानेश्वरांच्या अभंगात ‘कानडा’ला लागूनच कर्नाटकाचा उल्लेख येतो, म्हणजे मुलखाचा अर्थ पक्का. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाची मुळं शोधताना या कानडी नात्याचा भरपूर विचार केला आहे. पण त्याच अभंगात पुढे देव हाताशी येता येता निसटतो असा अनुभव आहे, म्हणजे अगम्यही खराच. दुसरं, गाणं कुठल्या गोष्टीत आहे ते बघायचं. चित्रपट मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचा. मंगळवेढं कानडी मुलखाच्या जवळचं, आणि गोष्ट मात्र वेश बदलून येणाऱ्या देवाची! म्हणजे दुसरं इक्वेशन मिळूनही दोन्ही उत्तरं शिल्लक राहतात. माझ्या मते इथे शब्द मुद्दामच दुहेरी ठेवलाय. एक अर्थ खोडून टाकणारा माणूस गाण्याचा निम्मा भाग खोडतो.

पण सगळीकडे ‘दोन्ही बरोबर’ म्हणून सुटता येत नाही. त्याचं उदाहरण आपल्या हिंगोली जिल्ह्यातच आहे.

कयाधू नदीकाठचं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. नामदेव (१२७०–१३५०) पुढे पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान त्यांच्या नावानेच ओळखलं जातं. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. शेजारच्या नांदेडला जाऊन कीर्तन ऐकलं तर ती कानावर पडू शकतात.

या पदांत ‘बीठल’ हे नाव येतं. वारकऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच विटेवरची मूर्ती उभी राहते, कमरेवर हात वगैरे. शीख परंपरेत मात्र तो निराकार परमेश्वर आहे, आणि त्याच ग्रंथात नामदेवांचं एक पद असं सांगतं की आपण ज्याला भजतो तो ना देवळात आहे ना मशिदीत. मग? नामदेव दोन होते की काय, इथपर्यंत अभ्यासकांचा वाद गेला होता. एका शब्दाच्या अर्थापायी माणसाचेच दोन तुकडे व्हायची वेळ!

इथे मला तिसरा उपाय पटतो : गाणारा माणूस आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते बघायचं. आपल्याकडचीच कथा आठवा. गोरोबाकाकांनी नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. मग औंढ्या नागनाथला विसोबा खेचर भेटले, तेही पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय जिकडे हलवावेत तिकडे पिंड. ही कथा ऐतिहासिक आहे का, हा वेगळा विषय. पण मूर्तीपलीकडचा देव नामदेवांना पंजाबात नव्हे, आपल्या जिल्ह्यात भेटला असं खुद्द वारकरी परंपराच सांगते. तेव्हा ‘बीठल’ वाचताना मराठी नामदेव आणि पंजाबी नामदेव अशी भिंत घालायची गरज उरत नाही. शब्द तोच राहिला, आत भरलेलं वाढत गेलं.

आता औंढ्याचं देऊळ फिरल्याची गोष्ट. देवळातून उठवलेले नामदेव मागे जाऊन भजन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. इथे नंदी देवळाच्या मागच्या बाजूला दाखवतात, तो याच कथेचा पुरावा म्हणून. ग्रंथसाहिबातल्या पदांतही देऊळ फिरतं, पण गावाचं नाव नाही. त्यामुळे ‘दगडी देऊळ फिरेल कसं?’ असा सायन्सवाल्यांचा प्रश्न येतोच, आणि कट्ट्यावर त्यावर तासभर टाइमपास होतो. पण पदात जोर कशावर आहे ते बघा. नामदेव स्वतःला हीन जातीचा म्हणवले गेल्याचं सांगतात, हाताला धरून उठवल्याचं सांगतात. म्हणजे प्रश्न लोडबेअरिंग वॉलचा नाहीच. देवाने तोंड कुणाकडे केलं आणि पाठ कुणाकडे, ते पद सांगतंय.