ध्येयाचा रिकामा रकाना



दरवर्षी सत्र सुरू होताना अकरावी-बारावीच्या मुलांकडून आपण एक माहितीपत्रक भरून घेतो. नाव, पत्ता, रक्तगट, पालकांचा व्यवसाय आणि सर्वांत शेवटी एक रकाना: ‘जीवनाचे ध्येय’. प्राचार्य झाल्यावर हा रकाना मीच घातला होता आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. बहुतेक मुले तो अर्ध्या मिनिटात भरतात. डॉक्टर, इंजिनिअर, सी.ए., एखाद-दुसरा कलेक्टर.

गेल्या वर्षी बारावीतील एका मुलाने तो रिकामा सोडला. वर्गशिक्षिकेने पत्रक परत दिले, त्याने पुन्हा तसेच आणून दिले. मग मी वडिलांना बोलावले आणि, आज लिहिताना संकोच वाटतो, मुलाच्या समोरच म्हणाले की सतराव्या वर्षी ज्याला ध्येय नाही त्याचे पुढे कसे व्हायचे? मुलगा मान खाली घालून उभा होता. वडील म्हणाले, “मॅडम, आम्हीही सांगून थकलो.” दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत येईनासा झाला. नऊ दिवस आला नाही.

त्या नऊ दिवसांत मला माझाच भूतकाळ आठवत राहिला. माझ्या वेळी कोणी विचारले असते तर मी ‘डॉक्टर’ लिहिले असते, कारण घरात तेच ठरले होते. 1987 मध्ये पी.एम.टी. दिली, नंबर लागला नाही. वर्ष वाया जाऊ नये एवढ्यासाठी उज्जैनला बी.ए.ला प्रवेश घेतला. माध्यम हिंदी, विषय इतिहास, तोही दुसरा मिळाला नाही म्हणून. (माझ्या मराठीत हिंदीची छाप दिसते ती तेव्हापासूनची, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) पहिले वर्ष संपत आले असताना, एप्रिल 1988 मध्ये, बातमी आली की डॉ. वाकणकर सिंगापूरला वारले. आमच्या प्राध्यापकांनी त्या दिवशी पुस्तक मिटले आणि तासभर त्यांच्याविषयीच सांगितले. एकाच गावात राहून मी त्या माणसाला पाहिले नव्हते, नावही धड ऐकले नव्हते.

विष्णु श्रीधर वाकणकर हे आपल्याच माळव्यातले. जन्म 1919 चा, नीमचचा. मूळचे चित्रकार. उज्जैनात भारती कला भवन ही संस्था स्थापून ते चित्रकला शिकवत. त्यांच्या नावापुढे आज सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एकच ओळ असते, ‘भीमबेटकाचा शोध, 1957’. मुले ती पाठ करतात आणि पुढे जातात. मला त्या ओळीपाशी थोडे थांबायचे आहे.

भीमबेटका रायसेन जिल्ह्यात, भोपाळच्या दक्षिणेला सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. इटारसीहून भोपाळला येणारा रेल्वेमार्ग तिथून फार दूर नाही. वाकणकर भोपाळच्या गाडीत बसले होते, खिडकीतून त्यांना डोंगरावरचे ते विचित्र आकाराचे खडक दिसले आणि तिथे काहीतरी असले पाहिजे असे वाटून ते शोधायला गेले. गोष्ट एवढीच सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याला वाटते की नशीब म्हणजे काय असते बघा! पण त्या मार्गावरून कितीतरी वर्षे गाड्या जात होत्या. हजारो लोकांनी तेच खडक पाहिले असतील. इतकेच नव्हे, 1888 मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने आसपासच्या आदिवासींकडून माहिती घेऊन या जागेची सरकारी नोंदही केली होती, ‘बौद्ध अवशेष’ म्हणून. म्हणजे जागा लोकांना माहीत होती, कागदावरही होती. पाहणारा मात्र नव्हता.

वाकणकरांना ती का दिसली? माझ्या मते याचे उत्तर त्या खिडकीत नाही, त्याआधीच्या वर्षांत आहे. चंबळच्या खोऱ्यात ते पायी फिरत, खडकांवरची जुनी चित्रे शोधत आणि हाताने त्यांच्या प्रतिकृती काढत. हे काम किती किचकट असते ते भीमबेटकाला गेल्यावरच कळते. एका मुलांच्या सहलीबरोबर मी गेले होते. गेरूसारख्या लाल रंगातली आणि पांढरी चित्रे, एकावर एक काढलेली. हरणाच्या पोटातून कोणाचे तरी शिंग निघते, घोडेस्वाराच्या खाली एक जुना रानरेडा पुसट झालेला असतो. कोणती रेघ वरची आणि कोणती खालची, हे ओळखावे तेव्हा कोणते चित्र आधीचे ते समजते. फोटो काढणारा दोन मिनिटांत पुढे जातो. प्रतिकृती काढणाऱ्याला प्रत्येक रेघेपाशी थांबावेच लागते. अशी वर्षे घालवलेल्या माणसाची नजर खडकाकडे वेगळ्या रीतीने जाणारच.

पुढचे सगळे आपल्याला माहीत आहे. तिथे सातशेहून अधिक शैलाश्रय निघाले, त्यांतील चारशेहून अधिकांत चित्रे आहेत. सर्वांत जुनी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची मानतात. सत्तरच्या दशकात तिथे उत्खनन झाले, वाकणकरांनी केले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनीही. 1975 मध्ये वाकणकरांना पद्मश्री मिळाली. 2003 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारसा ठरवले. उज्जैनजवळचे कायथा हेही त्यांनीच शोधलेले, तिथे चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली.

आता मुलांनो, या माणसाने सतराव्या वर्षी माझ्या त्या रकान्यात काय लिहिले असते? ‘भीमबेटका शोधणे’ असे तर नक्कीच नाही. जे अजून कोणाला दिसलेलेच नाही ते ध्येय म्हणून कसे लिहिणार? फार तर ‘चित्रकार’ लिहिले असते, आणि पुढे खडकांत भटकू लागले तेव्हा कोणी म्हणालेही असते की पोरगा ध्येयापासून भरकटला. आपण मुलांना सांगतो, आधी ध्येय ठरवा, मग कामाला लागा. मीही एकोणतीस वर्षे हेच सांगत आले. माझ्या स्वतःच्या आयुष्यात मात्र उलटे घडले. एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेत चार महिन्यांसाठी मी या शाळेत इतिहास शिकवायला आले. तेव्हा शिक्षिका व्हायचे हे काही माझे ध्येय नव्हते. सहावीतल्या एका मुलीला नकाशा समजत नव्हता, तो तिला समजेपर्यंत थांबले, आणि मग थांबतच गेले.

पालक म्हणतील, मॅडम, फी कोण भरणार, परीक्षा कोण देणार? बरोबर आहे. पोटापाण्याचे शिक्षण टळत नाही, आणि टाळूही नये. मी फक्त एवढेच म्हणते की ‘काय व्हायचे’ आणि ‘कशासाठी जगायचे’ हे दोन प्रश्न आपण एकाच रकान्यात कोंबले आहेत. पहिल्याचे उत्तर जूनमध्ये फॉर्मवर देता येते. दुसऱ्याचे येत नाही, म्हणून मूल आळशी ठरत नाही. आणि एखादे मूल खरोखरच गप्प-गप्प राहात असेल, त्याची झोप-जेवण सुटले असेल, तर त्याला ध्येयाचे भाषण न देता डॉक्टरांना दाखवा. यात लाज नाही.

या वर्षीपासून पत्रकातला तो रकाना मी काढला आहे. त्याजागी विचारले आहे: ‘कोणीही न सांगता तुम्ही दीर्घकाळ करत असलेले एखादे काम लिहा.’ हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. तो त्या मुलाच्या घरी सुचला.

दहाव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. माफी मागायची होती, ती मागितली. तो ‘हो मॅडम’ म्हणाला, बाकी काही नाही. आजींनी चहा ठेवला. ओट्याशेजारी भिंतीला सुतळीने बांधलेली एक वही लटकत होती. सहज चाळली. तारीख, नर्मदेचा नळ किती वाजता आला, किती वाजता गेला, धार कशी होती, हंडे किती भरले. दोन वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी होत्या. पाणी एक दिवसाआड येते आणि आजींना पहाटे ताटकळत बसावे लागू नये म्हणून त्याने ही वही सुरू केली होती. उन्हाळ्यात गल्लीचे पाणी वीस मिनिटांनी कमी झाले होते, ते या वहीमुळेच सगळ्यांच्या ध्यानात आले. गल्लीतले लोक तिची झेरॉक्स घेऊन पाण्याच्या कार्यालयात गेले होते. वडिलांना हे ठाऊक होते, पण माझ्यासमोर सांगण्यासारखे त्यांना त्यात काही वाटले नव्हते. मुलालाही नाही.

मी म्हटले, “ही वही दोन दिवस शाळेत देशील का? सर्वांना दाखवते.”

तो पहिल्यांदा वर बघून बोलला. “आज नाही देता येणार मॅडम. उद्या नळाचा दिवस आहे.”