बुकोविना

युरोपच्या आजच्या नकाशात बुकोविना नावाचा प्रांत शोधून सापडणार नाही. कार्पेथियन पर्वताच्या पूर्व उतारावरील या भूमीचा उत्तर भाग युक्रेनमध्ये व दक्षिण भाग रुमानियात मोडतो. येथे बीच वृक्षांची दाट अरण्ये होती. त्या वृक्षांवरूनच तिला हे नाव पडले.

पूर्वी हा मुलूख मोल्डाव्हियाच्या राज्यात होता, आणि ते राज्य तुर्की सुलतानाचे मांडलिक होते. इ. स. १७७४ मध्ये ऑस्ट्रियाचे सैन्य येथे शिरले. पुढल्याच वर्षी सुलतानाने हा मुलूख ऑस्ट्रियाच्या हवाली केला. वस्ती विरळ होती. रुमानियन व युक्रेनियन शेतकरी येथे राहत होतेच. त्यांत आता जर्मन, ज्यू, पोलिश, आर्मेनियन अशा नाना लोकांची भर पडत गेली. डोंगरात हुत्सुल लोक मेंढरे राखीत. प्रुत नदीच्या काठी चेर्नोव्हित्स हे राजधानीचे शहर वाढले व १८७५ साली तेथे विद्यापीठ निघाले.

१९१० च्या शिरगणतीत प्रांताची लोकसंख्या सुमारे आठ लाख भरली. नित्य व्यवहारात कोणती भाषा बोलता, असे प्रत्येकास विचारले जाई. परंतु ज्यूंच्या यिद्दिश भाषेला सरकारी यादीत स्थानच नव्हते! त्यामुळे लाखभर ज्यूंपैकी बहुतेक जण जर्मन भाषिकांत मोजले गेले. समाजासमाजांत कुरबुरी होत्याच. तरीही प्रत्येकाने विधिमंडळावर आपापले प्रतिनिधी निवडून द्यावेत, अशी व्यवस्था त्यांनी त्याच सुमारास वाटाघाटींनी ठरविली. तलवारीस कोणी हात घातला नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

१९१८ साली ऑस्ट्रियाचे साम्राज्य कोसळले आणि बुकोविना रुमानियाकडे गेली. १९४० मध्ये उत्तर भाग सोव्हिएत रशियाने घेतला. त्याच वर्षी तेथील जर्मनांना जर्मनीत नेण्यात आले. १९४१ मध्ये हिटलरचा मित्र बनलेले रुमानियाचे सरकार परत आले. ऑक्टोबरात शहरातील ज्यूंना शहराच्या एका लहान भागात कोंडण्यात आले. तेथून आगगाड्या भरभरून त्यांना नीस्टर नदीपलीकडे धाडू लागले. तेथे उपासमार, थंडी व साथीचे रोग यांनी हजारो माणसे मेली.

त्या वेळी त्रायान पोपोविच हे नगराध्यक्ष होते. ते स्वतः रुमानियन. त्यांनी या हुकुमास उघड विरोध केला. वैद्य, अभियंते, कारागीर गेल्यास शहर चालणार कसे, असा मुद्दा त्यांनी वरिष्ठांपुढे लावून धरला. अखेर सुमारे २०,००० ज्यूंना राहण्याची परवानगी मिळाली. तिच्यासाठी केलेल्या याद्यांत पोपोविच यांनी कारागिरांबरोबर निराधारांचीही नावे घातली. १९४२ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

१९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य परतले. १९९१ पासून हे शहर स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे. त्याला आता चेर्निव्हत्सी म्हणतात. शहराबाहेरील टेकडीवर ज्यूंची जुनी दफनभूमी आहे. गवताने वेढलेल्या तेथील शिळांवर हिब्रू, जर्मन, यिद्दिश अशा अनेक भाषांतील नावे आजही वाचता येतात.