‘डिव्हाइस सापडलं नाही’ म्हटल्यावर

संगमनेर, जि. अहिल्यानगर

चि. भाच्यास,


राहुरीच्या गिऱ्हाइकाच्या बंगल्यात अलेक्साला एकही प्लग सापडेना, म्हणून तू सगळे प्लग रीसेट करत बसलास आणि अख्खी दुपार त्यात गेली, हे ताईकडून कळलं. तुझ्या कष्टाळूपणाचं मला कौतुकच आहे. पण रीसेट हा शेवटचा उपाय. त्याने बिघाडाची खूणही पुसली जाते आणि नेमकं काय चुकलं होतं ते कळायचं राहून जातं. म्हणून आधी बिघाड कुठे अडकलाय ते ठरव, मगच हात लाव.

सगळ्यात आधी प्लग त्याच्या कंपनीच्या अ‍ॅपमधून चालतो का ते बघ. वायफायवरचे बहुतेक प्लग अलेक्साशी थेट बोलत नाहीत. आपण दिलेली आज्ञा अलेक्साच्या सर्व्हरवर जाते, तिथून प्लगच्या कंपनीच्या सर्व्हरवर आणि मग परत घरात येते. अ‍ॅपमधून प्लग चालतोय आणि अलेक्सालाच दिसत नाही, तर वायरिंगला आणि राउटरला हात लावू नकोस. बहुधा दोन खात्यांची जोडणी तुटलेली असते. पासवर्ड बदललेला असतो, नाहीतर प्लग मुलाच्या खात्यावर आणि अलेक्साला जोडलेलं खातं वडिलांचं. अलेक्सा अ‍ॅपमधलं त्या कंपनीचं स्किल बंद करून पुन्हा चालू कर, योग्य खात्याने लॉगिन कर आणि नव्याने शोधायला लाव.

अ‍ॅपमध्येच ‘ऑफलाइन’ दिसलं, तर घरात शोध. प्लगवरचा बारीक दिवा बघ. तो मुळीच लागत नसेल तर आधी टेस्टर लावून सप्लाय तपास. भराभर लुकलुकत असेल तर तो बहुधा नव्या जोडणीची वाट बघतोय. मग वायफाय बघ. बहुतेक स्वस्त प्लग आणि बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर ५ गिगाहर्ट्झही त्याच नावाने देत असेल, तर जोडणीच्या वेळी घोळ होतो; तेवढ्यापुरतं ५ बंद ठेव. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींतून २.४ चाच सिग्नल त्यातल्या त्यात बरा पोचतो. टीव्ही किंवा २०२२ पासून आलेली ‘मॅटर’ या मानकाची यंत्रं घरातल्या घरात शोधली जातात. तिथे फोन गेस्ट वायफायवर किंवा वरच्या मजल्यावरच्या भावाच्या कनेक्शनवर असला, तर ती सापडणार नाहीत.

आपल्याकडे लाइटचाही विचार करावा लागतो. लाइट आली की प्लग लगेच चालू होतो, राउटरला मात्र काही मिनिटं लागतात, तोवर प्लग सापडत नाही. राउटर आणि फायबरची डबी दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यायला सांग. बरेच बल्ब लागोपाठ चार-पाच वेळा बंद-चालू केले की आपोआप रीसेट होतात. लाइट झटके देत आली की तेच घडतं, आणि घरचे म्हणतात, बल्ब बिघडला.

नावं ठेवतानाही जप. अलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते, मराठी नाही. तिला ‘माजघर’ ऐकू येईल याचा भरवसा नाही. ‘हॉल’ आणि ‘हॉल लाइट’ अशी सारखी नावं देऊ नकोस. एका नावाचं एकच यंत्र ठेव.

एका वेळी एकच गोष्ट बदल, तपास, वहीत लिही. चार गोष्टी एकदम बदलून काम झालं, तर कशाने झालं हे तुलाही सांगता येणार नाही आणि गिऱ्हाइकालाही.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खातं गिऱ्हाइकाच्याच नावाने आणि त्याच्याच मोबाइल नंबरवर उघड, तुझ्या नाही. त्याच्या घराचा दिवा तुझ्या फोनवरून लागता कामा नये. भिंतीवरचं बटण काढू नकोस. म्हाताऱ्या माणसांना अंधारात तेच सापडतं. आणि निघण्याआधी घरातल्या एकाला तरी हे सगळं समजावून सांग.

राहुरीला पुन्हा जा, प्लग आधी अ‍ॅपमधून चालवून बघ आणि काय सापडलं ते मला कळव. या फेरीचे पैसे घेऊ नकोस.

तुझा,
मामा