दुखापतीनंतर कंपनीच्या सामन्यात उतरताना

वीर, ता. महाड



मांडीच्या मागचा स्नायू दुखावलेला खेळाडू लंगडायचा थांबला की तो बरा झाला, असे घरचेही धरून चालतात आणि संघातलेही. खरे पाहता तेव्हा तो चालण्यापुरता बरा झालेला असतो. धावण्यापुरते बरे व्हायला त्याला पुढे बराच अवधी लागतो, आणि क्रिकेटपुरते बरे व्हायला त्याहूनही जास्त. कंपनीच्या सामन्यात जुने दुखणे पुन्हा उसळते ते बहुतेक वेळा या टप्प्यांमधल्या घाईमुळे.

हॅमस्ट्रिंग म्हणून ओळखला जाणारा हा तीन स्नायूंचा गट बसायच्या हाडापासून निघतो आणि गुडघ्याखाली नडगीच्या बाजूला येऊन मिळतो. माणूस जोरात धावतो तेव्हा पाय पुढे फेकला जातो आणि पाऊल जमिनीला टेकण्याच्या आधी हाच गट त्या पायाला आवर घालतो. त्या क्षणी तो ताणलेलाही असतो आणि जोरही लावत असतो. तो फाटतो बहुधा तिथेच. म्हणूनच मैदानाला हळू फेऱ्या मारताना काही होत नाही, आणि दुसऱ्या धावेसाठी वळून झेप घेतली की मांडीत चमक भरते.

फाटलेल्या जागी आधी सूज येते, रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तिथे नवा भराव तयार होतो, पण तो जुन्या तंतूंसारखा चिवट आणि लवचीक व्हायला महिने जातात. किरकोळ ताण एक ते तीन आठवड्यांत निवळतो, अर्धवट फाटलेला स्नायू साधारण चार ते आठ आठवडे घेतो आणि पूर्ण तुटला तर तीन महिने किंवा त्याहून अधिक, प्रसंगी शस्त्रक्रियाही. एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याचा धोका न फाटलेल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि मैदानावर परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात.

महाड-पोलादपूर भागात हा परतीचा काळ नेमका हंगामात येतो. पावसाळ्यात इथे बाहेरचे क्रिकेट जवळजवळ बंद असते. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की मोकळ्या खाचरांत खेळपट्ट्या तयार होऊ लागतात. ज्या खाचरात वाल किंवा हरभरा पेरलेला नाही ते खेळायला मिळते. मग गावोगावचे चषक आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीतले खात्या-खात्यांचे, कंपन्या-कंपन्यांचे सामने सुरू होतात ते मेअखेरपर्यंत चालतात. खेळपट्टीपुरती माती ठोकून, पाणी मारून सपाट केलेली असते. बाकीच्या खाचरात धसकटे उभी असतात, वाळलेल्या चिखलात बोटभर भेगा असतात, गुरांच्या खुरांचे खळगे तसेच कडक झालेले असतात, आणि सीमारेषा म्हणजे बऱ्याचदा बांधच. उंच चेंडूवर नजर ठेवून बांधाकडे पळणारा माणूस पायाखाली पाहू शकत नाही. दुखरा घोटा किंवा मांडी घेऊन अशा जागी सीमेवर उभे राहणे हा सरळ सरळ अविचार आहे. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मैदान पायाखालून घालावे आणि आपण उभे राहणार ती पन्नासेक पावलांची जागा तरी नीट पाहून ठेवावी.

कामाच्या ठिकाणचे क्रिकेट ही महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. मुंबईत टाइम्स शिल्ड ही कार्यालयांची स्पर्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सुनील गावसकर निरलॉनमध्ये होते, अजित वाडेकर स्टेट बँकेत. त्या काळी खेळ हेच पुष्कळ जणांच्या नोकरीचे कारण होते. महाडच्या कामगाराचे तसे नसते. त्याला नोकरी मिळते ती यंत्रावरच्या कामासाठी, आणि पाय गेला तर आधी तेच काम थांबते. कंत्राटी कामगाराला तर प्रत्येक खाडा पगारातून कापून जातो. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असेल आणि वर्गणीचे दिवस भरलेले असतील, तर आजारपणाच्या काळात मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. नाव नसेल तर तेवढाही आधार नाही. सामन्याला होकार देण्यापूर्वी हा हिशेब घरात बसून मांडलेला बरा, कारण हप्ता आणि किराणा दुखापतीसाठी थांबत नाहीत.

घाई केली की दुखणे उलटते, हा नियम मोठ्या खेळाडूंनाही लागू असतो. श्रीरामपूरच्या झहीर खानला २०११ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे वेस्ट इंडीजचा दौरा सोडावा लागला. त्यानंतर जुलैमध्ये तो लॉर्ड्सच्या कसोटीत उतरला, पहिल्याच दिवशी दोन बळी घेतले आणि चौदावे षटक पुरे होण्याआधी मांडी धरून बाहेर गेला. त्या मालिकेत तो पुन्हा गोलंदाजी करू शकला नाही आणि भारत ती मालिका ४-० ने हरला. पुढे त्याने घाई केली नाही. आधी मुंबईकडून रणजी सामने खेळला आणि डिसेंबरात मेलबर्नला परतला तो पूर्ण ताकदीने. पालघरचा शार्दूल ठाकूर ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला पहिली कसोटी खेळला आणि दहा चेंडू टाकून जांघ दुखावल्यामुळे बाहेर पडला. त्याला दुसरी कसोटी मिळाली जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला. तिथे त्याने सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावा काढल्या. दहा चेंडूंवर कारकीर्द संपल्यासारखी वाटणाऱ्या मुलाने सव्वादोन वर्षे वाट पाहिली. खात्याच्या संघातल्या तरुणाला एखादा हंगाम सोडणे जड वाटते तेव्हा हे उदाहरण जवळ असावे.

तयारी झाली की नाही हे दुखण्यावरून ठरवू नये, ताकदीवरून ठरवावे. त्याची एक साधी परीक्षा घरच्या ओटीवर होते. पाठीवर झोपून एका पायाची टाच खुर्चीवर टेकवायची, दुसरा पाय वर धरायचा आणि टाचेवर जोर देऊन कंबर जमिनीपासून उचलायची. कंबर खाली येते, जमिनीला जेमतेम लागते, पुन्हा वर जाते. चांगल्या पायावर हे जितक्या वेळा जमते तितक्याच वेळा दुखऱ्या पायावर जमले पाहिजे, तेही मांडी न थरथरता आणि कंबर एका बाजूला न कलता. चांगल्या पायावर पंचवीस आणि दुखऱ्यावर बारा होत असतील तर सामन्याचा विषय तिथेच थांबतो. जोडीने करायचा दुसरा व्यायाम म्हणजे सतरंजीवर गुडघे टेकून, घोटे कुणाकडून घट्ट धरून घेऊन, ताठ धड हळूहळू पुढे झुकू देणे. ताणलेल्या अवस्थेत जोर लावण्याची सवय स्नायूला याने लागते. सुरुवातीला दुसऱ्या दिवशी मांडी चांगलीच ठणकते, म्हणून तो सामन्याच्या आठवड्यात नव्याने सुरू करू नये.

धावण्याची पायरी त्यानंतरची. निम्म्या वेगाने, मग पाऊण, मग पूर्ण वेगाने, आणि तेही दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना मांडी आखडलेली वाटली तर एक पायरी मागे यायचे. शेवटी खेळपट्टीवरची परीक्षा. एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचे अंतर १७.६८ मीटर असते. बॅट हातात घेऊन तीन धावा सलग काढायच्या, म्हणजे दोन वळणे येतात. एकदा डाव्या पायावर वळायचे, एकदा उजव्या. वळताना मनात भीती आली, पाऊल आपोआप आखूड पडले, तर शरीर अजून नाही म्हणते आहे. ते ऐकावे.

घोटा मुरगळला असेल तर परीक्षा वेगळी: दुखऱ्या पायावर डोळे मिटून उभे राहणे आणि त्याच पायावर उड्या मारणे. खांद्याचे दुखणे टेनिस चेंडूच्या क्रिकेटमध्ये हलके समजले जाते, ते बरोबर नाही. चेंडू हलका म्हणून हात जास्त जोरात फेकला जातो आणि सीमेवरून फेकी करताना खांद्याला हिसका बसतो.

बऱ्या होत आलेल्या खेळाडूने कर्णधाराला दुखापत आधीच सांगावी, नाणेफेकीच्या वेळी कानात नव्हे. कंपनीच्या संघात भीड मोठी असते. खातेप्रमुख कर्णधार असेल तर नाही म्हणताना जीभ अडते. पण क्रिकेटच्या नियमांत धावपटू मिळतो तो त्याच सामन्यात झालेल्या दुखापतीसाठी. जुने दुखणे घेऊन उतरलेल्याला तो मागता येत नाही. म्हणजे लपवून खेळणारा संघालाही अडचणीत टाकतो. सांगून खेळणाऱ्याला जागा नीट मिळते. क्षेत्ररक्षणात जवळची जागा घ्यावी, जिथे झेप लागते पण लांब धाव लागत नाही. वेगवान गोलंदाजी सर्वांत शेवटी सुरू करावी. पहिल्या सामन्यात फार तर एखादे षटक, तेही फिरकीचे.

फलंदाजीबाबत सर्वसाधारण समज असा की दुखऱ्या माणसाला खाली पाठवावे. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. खाली येणारा तासभर झाडाखाली बसून थंड होतो आणि शेवटच्या दोन षटकांत येऊन पहिल्याच चेंडूपासून जिवाच्या आकांताने पळतो. अंग गरम असतानाच सलामीला गेलेला निदान तयार शरीराने पळतो आणि दमला तर बाद होऊन परत येऊ शकतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी खाचरात दव असते आणि हवेत गारठा असतो. तेव्हा अंग गरम करायला वीसेक मिनिटे तरी द्यावीत. रात्रपाळी करून थेट मैदानावर येणाऱ्याने खेळूच नये. न झोपलेले शरीर पायाला वेळेवर आवर घालत नाही.

दुखण्याची गोळी खाऊन किंवा फवारा मारून उतरणे हा सर्वांत वाईट मार्ग. गोळी स्नायू जोडत नाही, ती फक्त सूचना बंद करते. चोळून घेण्याचेही तसेच. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची पद्धत गावात आहे आणि उसण पुष्कळदा आपली आपण जाते, म्हणून ती खपून जाते. ताज्या फाटलेल्या स्नायूला मात्र चोळले, दाबले तर आतला रक्तस्राव वाढतो. खेळताना मांडीत ओढ जाणवली तर त्याच क्षणी बाहेर यावे, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे धरावा, हलकी पट्टी बांधावी आणि पाय उंच ठेवावा. आवाज झाला असेल, मांडी काळीनिळी पडली असेल किंवा पायावर भार देता येत नसेल तर दुखणे अंगावर न काढता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आणखी एक गोष्ट कुणी विचारात घेत नाही. या स्पर्धा बहुधा एकाच दिवसात उरकतात. सकाळी जिंकलेला संघ दुपारी पुन्हा खेळतो आणि संध्याकाळी अंतिम सामन्याला उभा राहतो. सकाळचा सामना नीट पार पडला म्हणून उत्साहाने दुपारीही उतरलेल्याचा दमलेला स्नायू तिसऱ्या-चौथ्या धावेला दगा देतो. परतीच्या दिवशी एकच सामना खेळायचा, हे कर्णधाराशी आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे आणि दुपारच्या सामन्यासाठी बारावा खेळाडू तयार ठेवायला सांगावे. त्यानंतर निदान दोन दिवस पूर्ण वेगाने धावू नये, आणि पुढचा सामना सकाळी उठताना मांडी मोकळी आहे असे दिसल्यावरच घ्यावा.

— मामा