लायब्ररी इन्स्टॉल होते म्हणजे नेमकं काय होतं?



कमी खर्चात जास्त पोषण देणारा आहार ठरवणं, शाळेचं वेळापत्रक बसवणं, असे प्रश्न सोडवणाऱ्या गणिताला इष्टतमीकरण म्हणतात. त्यासाठी एडिनबरा विद्यापीठात तयार झालेला 'हाय्ज' हा सॉल्व्हर मोफत मिळतो. तो सी प्लस प्लस भाषेत लिहिलाय. हा कोड जसाच्या तसा चालत नाही, आधी कंपाइलरने त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करावं लागतं. म्हणजे पाहुण्याच्या हातात गहू देऊन "दळून आणा, मग पोळ्या लाटा" असं सांगण्यासारखंच!

म्हणून लायब्ररी बनवणारेच ते आधी दळून, पाकिटात भरून ठेवतात. पायथनमध्ये या पाकिटाला 'व्हील' म्हणतात. खरं तर ती साधी झिप फाइलच असते. पण विंडोजचं पाकीट लिनक्सवर चालत नाही. त्यामुळे पायथनची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर, सगळं फाइलच्या नावातच लिहिलेलं असतं. 'पिप' ते वाचून जुळणारं पाकीट निवडतो. जुळणारं नसेल तर मूळ कोड आणून तिथंच दळायला बसतो, आणि कंपाइलर नसला की स्क्रीनभर लाल अक्षरं!

मुलं इथंच घाबरतात. "मला प्रोग्रामिंग जमत नाही" म्हणून सोडूनही देतात. पण त्यांचं काहीच चुकलेलं नसतं. अशा वेळी पायथन ३२ बिट आहे की ६४ बिट, ते आधी बघा. काही लायब्रऱ्या ३२ बिटचं पाकीट आता बनवतच नाहीत. पायथन अगदी नवंकोरं असेल, तर एक आवृत्ती मागची टाकून बघा.